पोकरच्या टेबलावरची कारकीर्द : एक प्रस्तावना

जून २०१८ मध्ये लास वेगासच्या रिओ हॉटेलात भरलेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मध्ये दिल्लीच्या निकिता लुथर हिने जर्मनीच्या जुसेप्पे पँटालेओ याच्या साथीने टॅग टीम प्रकारातली स्पर्धा जिंकली. प्रवेशशुल्क संघामागे १,००० डॉलर होते. पहिले बक्षीस दोघांत मिळून १,७५,८०५ डॉलरचे, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १ कोटी २० लाख रुपयांचे होते. या प्रकारात एका संघाचे खेळाडू आळीपाळीने एकाच खुर्चीवर बसतात. एकाने जमवलेल्या चिप्सच्या ढिगावर दुसरा पुढचा डाव खेळतो, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याला निस्तरावी लागते. या मालिकेतल्या प्रत्येक स्पर्धेच्या विजेत्याला एक ब्रेसलेट मिळते आणि पोकरच्या जगात त्याच्याहून मोठा मान नाही. आदल्या वर्षी हीच स्पर्धा निपुण जावा आणि आदित्य सुशांत या भारतीय जोडीने जिंकली होती. ब्रेसलेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री मात्र निकिता लुथर.

त्याच वर्षी, २० जानेवारी २०१८ रोजी, केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने आपापल्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या ११२ स्त्रियांचा राष्ट्रपती भवनात गौरव केला. त्या यादीत मुस्कान सेठी हे नाव होते, देशातली पहिली व्यावसायिक महिला पोकरपटू म्हणून. राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या उपस्थितीत हा सन्मान झाला, त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, गुजरात उच्च न्यायालयाने पोकर हा जुगारच आहे असा निकाल दिला होता. ज्या खेळासाठी दिल्लीत गौरव होतो, तोच अहमदाबादेत गुन्हा ठरतो. भारतातल्या महिला पोकरपटूची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात या विसंगतीपासून करावी लागते. खेळ कसा खेळला जातो हे समजून घेणे त्या मानाने सोपे आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या हदगावसारख्या तालुक्याच्या गावी पत्त्यांची ओळख दोन वाटांनी होते. उन्हाळ्याच्या सुटीत माडीवर किंवा ओसरीवर रंगणारे मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, गुलामचोर आणि चॅलेंज ही पहिली वाट. या खेळांत घरातल्या मुली मुलांच्या बरोबरीने बसतात, आणि बऱ्याचदा जिंकतातही. दुसरी वाट वर्तमानपत्राच्या तालुका पानावरची आहे. शेतातल्या आखाड्यावर तिर्रट खेळणाऱ्यांवर छापा, रोख रक्कम, मोबाइल, मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त, जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२(अ) प्रमाणे गुन्हा दाखल. या बातमीत स्त्री नसते, आणि असली तर तक्रार घेऊन पोलिसांकडे गेलेली बायको म्हणून. ओसरीवरच्या चॅलेंजमध्ये बेधडक थाप मारणाऱ्या मुलीला पत्त्यांचा डाव हे पुढे उपजीविकेचे साधन होऊ शकते असे कधी वाटत नाही, ते यामुळे. आखाड्यावरची बातमी ओसरीपर्यंत पोहोचलेली असते.

तिर्रट आणि पोकर यांत फरक कोणता? तिर्रटमध्ये प्रत्येकाला तीन पाने मिळतात. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात बनतात आणि त्यांतले फक्त ५२ तिन्ही पाने सारखी असलेले, म्हणजे सव्वाचारशे हातांत एखादा. पाने एकदा वाटली की नवे काही समजत नाही. जे हातात आहे त्यावर पैसे लावायचे किंवा डाव सोडायचा. पोकरचा आज जगभर खेळला जाणारा प्रकार टेक्सास होल्डेम. त्यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि मध्ये पाच पाने सर्वांसाठी टप्प्याटप्प्याने उघडली जातात. आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. प्रत्येक उघड्या पानागणिक आणि समोरच्याच्या प्रत्येक बोलीगणिक माहिती वाढत जाते, आणि त्या माहितीचा उपयोग कोण किती करतो यावर खेळाडूची प्रत ठरते. तिर्रटमध्येही समोरच्याला दडपून पॅक करायला लावण्याची कला आहेच. ती अजिबात नाही असे म्हणणाऱ्याने ते फारसे खेळलेले नसते. पण निर्णय घ्यायच्या जागा तिथे कमी आणि त्यासाठी लागणारी माहिती त्याहून कमी.

एका हाताचा हिशेब पाहिला की हे नेमके कळते. मधली तीन पाने उघडली आहेत आणि खेळाडूकडे बदामची चार पाने झाली आहेत. पाचवे बदाम आले तर फ्लश होऊन हात बहुधा जिंकता येईल. न दिसलेल्या ४७ पानांत बदामची ९ उरली आहेत, म्हणजे पुढच्याच पानाला बदाम येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. मध्ये १,००० रुपये जमले आहेत आणि समोरच्याने आणखी ५०० लावले आहेत. आता १,५०० मिळवण्यासाठी ५०० घालायचे आहेत. दीर्घकाळात ही देवघेव बरोबरीत सुटायला चारातून एकदा, म्हणजे २५ टक्के वेळा जिंकावे लागेल. १९ टक्क्यांवर २५ टक्क्यांचा सौदा करणे तोट्याचे. पण बदाम आल्यावर समोरचा आणखी पैसे देईल अशी खात्री असेल तर हिशेब बदलतो, आणि तो नेमके किती देईल हे त्याच्या आजवरच्या खेळावरून ठरवावे लागते. उलट बाजूने पाहिले तर १,००० च्या डावात हातात काहीच नसताना ५०० लावून थाप मारणाऱ्याला तीनातून एकदा जरी समोरच्याने पाने टाकली तरी नुकसान नाही. चांगली खेळाडू हे हिशेब काही सेकंदांत करते, रात्रभरात शेकडो वेळा करते, आणि चेहऱ्यावर त्यातले काही दिसू देत नाही.

तरीही नशीब उरतेच, आणि या धंद्यातली खरी कसोटी तिथे आहे. एक्क्यांची जोडी २२१ हातांत सरासरी एकदा येते. ती आली आणि समोर राजांची जोडी असली तर एक्के शंभरातून सुमारे ८२ वेळा जिंकतात. उरलेल्या १८ वेळा सर्व काही बरोबर करूनही पैसे जातात. हे १८ वेळचे हरणे लागोपाठ तीन आठवडे चालू शकते. स्पर्धांमध्ये तर साधारणपणे दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच काही ना काही परत मिळते आणि मोठी रक्कम पहिल्या दोन-तीन जणांत जाते, त्यामुळे उत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक स्पर्धांतून हात हलवत परत येते. म्हणून व्यावसायिक खेळाडू आपल्या पोकरच्या पैशाची थैली वेगळी ठेवते. घरखर्चाचा रुपया त्यात मिसळत नाही आणि एका बैठकीत त्या थैलीचा लहानसा भागच पणाला लावते. प्रत्येक बैठकीची नोंद होते, तास, शुल्क, मिळकत, आणि कोणत्या चुकीने काय गेले तेही. मोठ्या स्पर्धांचे शुल्क पुष्कळदा एकटीचे नसते. दुसरे कोणी त्यात भाग घेतात आणि बक्षिसातला तेवढा वाटा त्यांना जातो. वर्तमानपत्रात छापून येणारे डॉलरचे आकडे त्यामुळे दिशाभूल करतात. ते एकूण बक्षिसाचे असतात, त्यातून किती शुल्क गेले, किती वाटेकऱ्यांना गेले आणि कर किती, हे त्यात दिसत नाही. शिवाय टेबल चालवणारा मालक प्रत्येक डावातून किंवा शुल्कातून आपला कट, म्हणजे रेक, काढून घेतो. सर्व खेळाडूंची बेरीज केली तर ती नेहमी उणे येते. थोडे जिंकतात ते पुष्कळांच्या हरण्यावर, ही गोष्ट या कारकिर्दीचे कौतुक करताना नजरेआड करता येत नाही.

स्त्रियांचा या टेबलाशी संबंध जुना नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये १९७७ साली महिलांसाठी वेगळी स्पर्धा सुरू झाली. बहुतेक पुरुष खेळाडूंच्या बायका लास वेगासला सोबत येत, त्यांचा वेळ जावा असाही त्यामागचा हेतू होता असे सांगितले जाते. पुरुषही बसतात अशा खुल्या स्पर्धेत १९८२ साली व्हेरा रिचमंड जिंकली. बार्बरा एनराइट हिने मालिकेच्या मुख्य स्पर्धेत १९९५ साली अंतिम टेबल गाठले आणि पाचवा क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी तिने खुली स्पर्धाही जिंकली आणि २००७ मध्ये पोकर हॉल ऑफ फेममध्ये समावेश झालेली ती पहिली स्त्री ठरली. मुख्य स्पर्धेच्या अंतिम टेबलावर दुसरी स्त्री दिसायला त्यानंतर तब्बल ३० वर्षे लागली. २०२५ मध्ये स्पेनची लिओ मार्गेट्स तिथे पोहोचली आणि सातवी आली. मधल्या काळात स्त्रियांना खेळता येत नव्हते असे मुळीच नाही. या मालिकेच्या खुल्या स्पर्धांत बसणाऱ्यांत स्त्रिया शंभरात जेमतेम चार-पाच असतात, एवढेच त्याचे कारण. हजारो पुरुषांत मूठभर स्त्रिया बसल्या तर शेवटच्या नऊंत त्या क्वचितच दिसणार.

संख्येने थोड्या असल्या तरी त्यांतल्या काहींनी खेळाविषयीच्या समजुती मोडल्या. नॉर्वेची अ‍ॅनेट ओब्रेस्टाड १५ वर्षांची असल्यापासून इंटरनेटवर खेळत होती. २००७ साली तिने १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा आपली पाने फक्त एकदा पाहून जिंकली. बाकी सारे निर्णय टेबलावरची जागा, चिप्सचे ढीग आणि इतरांच्या बोलींवरून घेतले. पोकरमध्ये पानांपेक्षा माणसे वाचावी लागतात, या वाक्याचा याहून सज्जड पुरावा मिळणे अवघड. त्याच वर्षी लंडनमधली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धा जिंकून तिने १० लाख पौंड मिळवले, तेव्हा तिचा एकोणिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर होता. अमेरिकेची व्हनेसा सेल्ब्स्ट ही येल विद्यापीठाची पदवीधर, पुढे तिथेच कायद्याचे शिक्षण घेतलेली. २००८, २०१२ आणि २०१४ अशी तीन ब्रेसलेट तिने खुल्या स्पर्धांत मिळवली, स्पर्धांतली बक्षिसे १ कोटी १० लाख डॉलरच्या वर नेली आणि ग्लोबल पोकर इंडेक्स या क्रमवारीत पहिला क्रमांक गाठणारी पहिली स्त्री ठरली. २०१७ च्या अखेरीस तिने व्यावसायिक खेळ थांबवल्याचे जाहीर केले आणि ती एका गुंतवणूक संस्थेत नोकरीला लागली. अ‍ॅनी ड्यूक हिने मानसशास्त्राची डॉक्टरेट अर्ध्यावर सोडून पोकर धरले होते. पुढे ती निर्णय कसे घ्यावेत या विषयावर लिहू-बोलू लागली. मारिया कॉनिकोवा उलट्या दिशेने आली, आधी मानसशास्त्राची अभ्यासक व लेखिका आणि मग पोकर. या कारकिर्दींमध्ये एक समान धागा दिसतो. टेबल हा बहुतेकींच्या आयुष्यातला काही वर्षांचा मुक्काम आहे. पंचवीस-तीस वर्षे त्याच खुर्चीवर काढणाऱ्या थोड्या.

महिलांच्या वेगळ्या स्पर्धेची कथा थोडी गमतीची आहे. लिंगाच्या आधारावर प्रवेश नाकारणे कायद्याने अवघड असल्याने त्या स्पर्धेत पुरुषही घुसू लागले. तेव्हा २०१३ पासून आयोजकांनी शुल्क १०,००० डॉलर ठेवले आणि स्त्रियांना त्यात ९,००० डॉलरची सूट दिली. वेगळी स्पर्धा असावी की नसावी यावर स्त्री खेळाडूंतच मतभेद आहेत. काहींना ती पहिली पायरी वाटते, काहींना कमीपणा.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. तो इथे बुद्धिबळाच्या निमित्ताने झाला आहे. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा झाली आणि वासंती खाडिलकर जिंकल्या. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे हे अजिंक्यपद मिळवले. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेपासून रोखता येणार नाही असा निर्वाळा दिला. खाडिलकर भगिनींच्या मागून भाग्यश्री साठे-ठिपसे आल्या आणि २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. पत्त्यांच्या बाजूने पाहायचे तर २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा समावेश झाला आणि कांस्यपदक मिळवणाऱ्या भारताच्या मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. तेव्हा बसून, डोके चालवून खेळायच्या खेळात मराठी मुलखातल्या स्त्रिया मागे आहेत असे म्हणायला जागा नाही. फरक पडतो तो टेबलावर पैसे आले की. बुद्धिबळाला शाळा, क्लब, जिल्हा संघटना, नोकरीतला राखीव कोटा असे सगळे जिने आहेत. पोकरच्या वाटेवर त्यातला एकही नाही, आणि द्यूताचे नाव काढले की महाभारतातली सभा आठवणाऱ्या समाजात तो सहजासहजी बांधला जाणारही नाही.

आता कायदा. इथे हदगावचा संबंध अनपेक्षित रीतीने येतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या राज्यात जुगाराविषयी जो कायदा होता तो १३०५ फसलीचा, म्हणजे इसवी सन १८९५-९६ चा. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर इथून तो कायदा गेला, पण तेलंगणात राहिला. ४ मे १९६३ रोजी सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला आणि पैसे लावून रमी खेळणाऱ्यांवर त्याच निजामकालीन कायद्याखाली खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्याचा निकाल नोव्हेंबर १९६७ मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी दिला. रमीत कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे याला कौशल्य लागते, म्हणून रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा. न्यायालयाने एक अटही घातली. पैज लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा कमावत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. पुढची जवळजवळ साठ वर्षे देशातल्या पत्त्यांच्या प्रत्येक खटल्यात या निकालाचा दाखला दिला गेला. हदगाव, किनवट, भोकर या गावांनी अर्धे शतक ज्या कायद्याखाली काढले त्याच कायद्यातून आखाड्यावरचे तिर्रट आणि क्लबातली रमी यांच्यामधली रेघ आखली गेली.

पोकर या रेघेच्या कोणत्या बाजूला, हे त्या निकालात नव्हते. पश्चिम बंगालने १९५७ च्या कायद्यातच ब्रिज, रमी आणि पोकर यांना जुगारातून वगळले होते. नागालँडने २०१६ च्या कायद्यात पोकरची गणना कौशल्याच्या खेळांत केली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खेळाडूंच्या बाजूने, गुजरातने २०१७ मध्ये विरुद्ध, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा बाजूने कौल दिला. महाराष्ट्रात १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा नाव बदलून चालू आहे. त्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देते, पण पोकर त्यात बसतो असे छातीठोकपणे सांगणारा निकाल इथे हाताशी नाही आणि पोलिसांच्या लेखी टेबलावर पैसे आणि पत्ते दिसले की प्रश्न सुटलेला असतो. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. सत्तेचाळीस वर्षे कपाटात राहिलेल्या या कायद्याने राज्याचे मन किती काळ दोलायमान होते तेवढे मात्र नोंदवून ठेवले.

शेजारच्या गोव्याने तसे मन दोलायमान ठेवले नाही. तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळ आले. पणजीला मांडवीत नांगरलेल्या बोटींवर पोकरच्या खोल्या सुरू झाल्या, इंडिया पोकर चॅम्पियनशिपसारख्या स्पर्धा भरू लागल्या आणि २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूरची भारतीय आवृत्तीही तिथेच आली. मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्लीच्या खेळाडूंना उघडपणे, पावती घेऊन मोठी स्पर्धा खेळायची तर गोवा हेच जवळचे ठिकाण. भारतीय महिला पोकरपटूच्या कारकिर्दीचा अर्धा भूगोल या नदीत आहे.

उरलेला अर्धा इंटरनेटवर होता. २०११ च्या सुमारास अड्डा५२ आणि त्यामागोमाग स्पार्टन पोकर, पोकरबाजी या संकेतस्थळांवर रुपयांत पोकर सुरू झाले. २०१८ मध्ये पोकरस्टार्सनेही भारतात पाऊल टाकले. स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. पोकर रात्रीचा खेळ आहे, बैठका पहाटेपर्यंत चालतात, टेबलावर आठ पुरुष आणि एक स्त्री असे चित्र असते. अशा ठिकाणी रोख रक्कम जवळ बाळगून एकटीने जाणे-येणे हा स्वतंत्र प्रश्न. बसल्यावर वागणूकही वेगळी मिळते. कोणी उगाच शिकवायला येते, कोणी हरल्यावर चिडते, कोणी बाईला काय कळते म्हणून जास्त थापा मारते. ऑनलाइन टेबलावर स्त्रीचे नाव वा चित्र दिसले की तिच्यासमोर थापा वाढतात असे संशोधकांनीही प्रयोगांतून दाखवले आहे. समजदार खेळाडू या गैरसमजाचेच पैसे करते, कारण ज्याची थाप वाढली त्याचे पैसे पकडणे सोपे जाते. घरच्या खोलीतून, टोपणनावाने खेळताना यातला बराच त्रास टळत होता. प्रत्येक हाताची नोंद आपोआप साठत होती, सॉल्व्हर नावाच्या संगणकीय साधनावर दुसऱ्या दिवशी तो हात तपासता येत होता. बोटीवर रात्रभरात जेवढे हात खेळून होतात तेवढे चार टेबले उघडून दीड-दोन तासांत होत. शिकण्याचा वेग त्यामुळे कितीतरी वाढला. कोझिकोडच्या आयआयएमने व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी पोकरवर अभ्यासक्रम चालवला तो याच काळात.

या वाटेवर कर आडवा आला. आयकर कायदा पत्त्यांच्या खेळातील बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर लावतो आणि ते बक्षीस मिळवण्यासाठी झालेला खर्च वजा करू देत नाही. समजा एखादी खेळाडू वर्षात २५,००० रुपयांच्या ४० स्पर्धा खेळली. शुल्क १० लाख. त्यांतल्या चारांत मिळून १२ लाखांची बक्षिसे आली. हातात राहिले २ लाख, पण कर १२ लाखांवर, म्हणजे ३ लाख ६० हजार, उपकर वेगळा. वर्षभर फायद्यात खेळून खेळाडू तोट्यात. किराणा दुकानदारालाही खरेदीची किंमत वजा करता येते, पोकरपटूला नाही, कारण कायद्याच्या नजरेत हा व्यवसायच नाही. ऑनलाइन खेळासाठी एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के असा थोडा न्याय्य नियम आला, पण ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला आणि जे एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले. कॅसिनोंवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला.

मग ऑगस्ट २०२५ आला. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारे विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे भरून पैसे मिळवण्याच्या आशेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, या कायद्याने बंद केला. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सिकंदराबादच्या निकालापासून चालत आलेला कौशल्य की नशीब हा वाद निदान इंटरनेटपुरता या कायद्याने बाजूला ठेवला. कंपन्यांनी पैशाचे पोकर लागलीच थांबवले आणि कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या. बंदीमागचे कारण पोकळ नव्हते. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांत कर्जबाजारी होऊन उद्ध्वस्त झालेली घरे मराठवाड्यातही आहेत. पण त्यांतली बहुतेक पोकरने नव्हे, झटपट निकाल लागणाऱ्या खेळांनी उद्ध्वस्त झाली, आणि दोहोंत फरक करण्याचे काम कायद्याने अंगावर घेतले नाही.

या बंदीचा सर्वांत मोठा फटका नामांकित खेळाडूंना बसला नाही. त्या परदेशी स्पर्धांना जाऊ शकतात. तो बसला नव्याने शिकणाऱ्या मुलींना, कारण कमी पैशात, घरातून, सुरक्षितपणे हजारो हात खेळून तयार होण्याची जागा तीच होती. पैशाविना खेळायचे पोकर अजून उपलब्ध आहे, पण जिथे हरण्याची किंमत शून्य तिथे कोणी पाने टाकत नाही आणि थापही शिकता येत नाही. निकिता लुथर आणि मुस्कान सेठी यांच्या पिढीला नदीवरचे आणि इंटरनेटवरचे असे दोन्ही टेबल मिळाले. त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी पैसे लावून खेळायचे उघड भारतीय टेबल मुख्यतः गोव्यातच राहिले आहे. तिथेही एक अट आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली हदगावची मुलगी ओळखपत्र दाखवून मांडवीवरच्या बोटीत पोकर खेळायला बसू शकते. पणजीच्या मुलीला बसता येत नाही, कारण १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना गोव्यातल्या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे.